कुकरची शिट्टी आणि दहा सेकंदांचा निळा पडदा

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर 'सुडो एपीटी अपडेट' ही संगणकाला द्यायची लिनक्समधली आज्ञा चक्क देवनागरीत लिहिलीय. भाचा फोनवरून सांगत होता आणि मी ऐकू येईल तसं उतरवून घेत होते. 'सुडो' म्हणजे काय हे विचारायचं राहून गेलं. मला वाटलं जपानी असेल.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी वाईत राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत अक्षरजुळणीचं काम करते. बोर्डावर डीटीपी लिहिलंय, पण वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यामुळे माझ्या तोंडात जुळणीच बसलंय. बावीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, एखादा कवितासंग्रह, निवृत्त गुरुजींचं आत्मचरित्र. मुद्रितशोधनही मीच करते, कारण गुरुजी स्वतः प्रुफं तपासतात तेव्हा चुका काढण्यापेक्षा नवी प्रकरणं घालतात.

लॅपटॉप २०१७ चा, आत इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर, सहाव्या पिढीचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणजे माझं यंत्र दोन पिढ्यांनी नापास. आणखी वर्षभर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवायची सोय होती, पण वर्षानं पुन्हा तेच रडगाणं. नवा लॅपटॉप घ्यायचा तर दोन दिवाळ्यांची कमाई जाणार. ऑक्टोबरात आमच्या धंद्यात दिवाळी अंकांची आणि जाहिरातींची धांदल असते, त्या दिवसांत मी यंत्राला कुणाला हातही लावू देत नाही. भाऊबीजेला भाऊ आणि भाचा आले. भाचा पुण्यात कंपनीत आहे. जेवणं झाल्यावर त्यानं पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाला, "आत्या, तुझा लॅपटॉप म्हातारा झालेला नाही, त्याला उगाच रिटायर करतायत."

त्यानं लिनक्स मिंट आणलं होतं, विंडोजच्या जागी संगणक चालवणारी यंत्रणा; आवृत्ती २२.२, नाव झारा. या मंडळींच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं, आणि नावाच्या शेवटी 'आ'. ही बावीसची मालिका २०२९ पर्यंत सांभाळणार आहेत. चार वर्षं मला पुरतात.

जुनी हार्डडिस्क पुसायची नाही ही माझी अट. तिच्यावर पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर आहे आणि पेजमेकरमध्ये बावीस वर्षं आहेत. म्हणून लिनक्ससाठी वेगळी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, घेतली. आता ती बसवायची कुठे? आमच्या लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह एकच स्क्रू काढला की ड्रॉवरसारखा बाहेर येतो. त्या जागी कॅडी नावाचा पत्र्याचा साचा बसतो आणि त्यात एसएसडी. सगळा लॅपटॉप उघडायला नको, म्हणून हा सोपा मार्ग. या सोप्या मार्गानं पुढे महिन्याभरानं मला रडवलं, ते सांगतेच.

चालवून पाहिलं तर सगळं झकास. जो लॅपटॉप चालू करून मी देवपूजा आटोपून यायची, तो चहाला उकळी फुटायच्या आत तयार. फक्त वायफाय नाही. कमजोर आहे, तुटतंय, असंही नाही. यादीत वायफाय हा प्रकारच नाही.

भाच्यानं जाताना सांगितलं की वायफायच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, कंपनी मोकळा देत नाही, वेगळा घालावा लागेल. तोवर मोबाइल यूएसबीच्या वायरनं जोड आणि टेदरिंग चालू कर. हे मात्र एका फटक्यात झालं. ज्याला नेट मिळत नाही त्यानं नेटवरून ड्रायव्हर आणायचा कसा, या कोड्याला मोबाइलची वायर हे उत्तर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीनं ड्रायव्हर मॅनेजर उघडलं. त्यानं चिप ओळखली, ड्रायव्हर दाखवला, मी इन्स्टॉल म्हटलं. मध्येच त्यानं एक नवा पासवर्ड मागितला. काहीतरी सिक्युअर बूटबद्दल लिहिलं होतं, मी वाचलं नाही, पासवर्ड दिला. मग म्हणाला रीस्टार्ट करा. केलं. तेवढ्यात आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करून आले, तेव्हा लॅपटॉप नेहमीसारखा चालू झालेला होता. वायफाय नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी जे केलं ते माझ्या व्यवसायाला शोभणारं नव्हतं. जिथे जे सापडेल ते डकवत गेले. ड्रायव्हर काढून परत घातला. कुणाच्या तरी आठ वर्षांपूर्वीच्या सल्ल्यावरून एका फाइलमध्ये एक ओळ वाढवली. दुसऱ्या कुणाच्या सल्ल्यानं वेगळं कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, घातलं. आणखी एक पॅकेज उडवलं, का ते आता आठवत नाही. चारही एका रात्रीत. सकाळी वायफाय तर नव्हतंच, वर लॅपटॉपचा आवाजही गेला होता. चौघांपैकी कुणी घालवला, आजही सांगता येणार नाही.

रात्री भाच्याला फोन.

"अरे, आवाजच गेला."

"काय बदललंस?"

"काय काय बदललंय ते मलाच माहीत नाही."

"वायफायला काय एरर येतोय?"

"येतंय इंग्रजीत काहीतरी लांबलचक."

"आत्या, तू गुरुजींच्या चौदा पानांत एक उलटा स्वल्पविराम शोधतेस. ती ओळ वाच ना!"

राग आला, पण बोलणं बरोबर होतं. वडील गॅलीतली, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांच्या तबकातली, ओळ दुरुस्त करताना एका वेळी एकच ओळ सोडवायचे. एक अक्षर बदलायला चार खिळे काढले की घालताना पाचवा उलटा बसतो. छापखान्यातला कुणीही हे सांगेल, दुरुस्तीतली चूक मूळ चुकीपेक्षा वाईट, कारण तिथे पुन्हा कुणी बघत नाही. आणि मी एका रात्रीत अख्खी गॅली सोडवून ठेवली होती.

नशीब, भाच्यानं पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट लावून दिलं होतं. ते यंत्रणेचा फोटो काढून ठेवतं. मागच्या तारखेला परत गेलं की यंत्रणा तशीच्या तशी, आणि आपल्या कागदपत्रांना ते हात लावत नाही. मी भाऊबीजेच्या तारखेला परत गेले. आवाज आला. मग ही वही काढली. पाच रकाने आखले: तारीख, काय झालं, संदेश शब्दशः, बदललेली एकच गोष्ट, परिणाम.

आता वायफाय, पण शिस्तीत. ड्रायव्हर घातला आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, त्याला हातानं चालू करून पाहिलं, मॉडप्रोब म्हणतात त्या आज्ञेनं. उत्तर आलं: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. किल्ली नाकारली. कसली किल्ली? मग उमगत गेलं. सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय चालू असली की कर्नल सहीशिवायचा ड्रायव्हर आत घेत नाही. हा ड्रायव्हर आपल्याच यंत्रावर तयार होतो, त्याच्यावर आपल्याच यंत्राची सही बसते, पण ती सही कुणाची हे यंत्राला एकदा समोर बसून सांगावं लागतं. त्यासाठीच तो पासवर्ड होता. आणि सांगायची जागा म्हणजे रीस्टार्ट करताना येणारा एक निळा पडदा. तो दहा सेकंद थांबतो. कुणी कळ दाबली नाही, तर यंत्र काही न बोलता पुढे जातं आणि ती विनंती रद्द.

माझे दहा सेकंद वरणाच्या कुकरनं खाल्ले होते.

परत किल्ली नोंदवली, एमओकेयूटिल नावाच्या आज्ञेनं, नवा पासवर्ड दिला आणि या वेळी गॅस बंद करून, फोन बाजूला ठेवून समोर बसले. निळा पडदा आला, कळ दाबली, 'एनरोल एमओके' (म्हणजे ही किल्ली नोंदव), कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. वर कोपऱ्यात शेजाऱ्यांची सगळी वायफायं दिसायला लागली. कुणाच्या वायफायचं नाव काय आहे ते इथे लिहीत नाही, पण आमच्या गल्लीत विनोदबुद्धी आहे.

त्यानंतरची दोन दुखणी एकाच घरात दोन कर्त्या असल्यासारखी होती. एका यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं की हे होतंच. एके दिवशी पेजमेकरची जुनी फाइल हवी म्हणून विंडोजमध्ये गेले. दुपारचे ३ वाजून १० मिनिटं, आणि घड्याळ म्हणतंय सकाळचे ९ वाजून ४०. सेल संपला असेल म्हणून दुरुस्त केलं. परत लिनक्समध्ये आले, नेट लागायच्या आधी इथलं घड्याळ रात्रीचे साडेआठ-नऊ दाखवायला लागलं. सेल संपला तर घड्याळ कसंही भरकटेल, इतकं हिशेबानं नाही भरकटणार. दोन्हीकडे फरक बरोबर साडेपाच तासांचा. साडेपाच म्हटल्यावर शाळेतला भूगोल आठवला, ८२ अंश ३० मिनिटं पूर्व, ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. यंत्राच्या आतल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज आपली स्थानिक वेळ. प्रत्येक जण दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या पद्धतीनं वाचतो. लिनक्सलाच सांगितलं, बाई तू नमतं घे, आतल्या घड्याळात भारताची वेळ ठेव. टाइमडेटसीटीएल या आज्ञेची एक ओळ. हे लिनक्सला आवडत नाही, तशी सूचनाही ते देतं, पण विंडोजशी वाद घालायला मला वेळ नव्हता.

दुसरं दुखणं जुन्या डिस्कवरच्या फायलींचं. उघडायच्या, पण जतन होत नव्हत्या. टर्मिनलमधून डिस्क जोडून पाहिली तर संदेशात निदान आणि औषध दोन्ही लिहिलेलं होतं: विंडोज पूर्ण बंद करा, हायबरनेशन नको, झटपट चालू होण्याची सोय नको. विंडोज बंद होताना खरं तर पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवून पडतं, म्हणजे सकाळी लवकर उठल्यासारखं दाखवता येतं. तेवढ्यात दुसऱ्या कुणी त्या डिस्कवर लिहिलं तर घोटाळा होईल, म्हणून लिनक्स फक्त वाचू देतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधली फास्ट स्टार्टअप बंद केली. काम फत्ते. वहीत 'परिणाम' रकान्यात मी मोठ्या अक्षरात लिहिलंय: संदेश वाचला असता तर पाच मिनिटं, न वाचल्यामुळे दीड दिवस.

एक फजितीही सांगते. मराठीत टंकत असताना चहा करायला उठले, पडदा कुलूपबंद झाला. परत येऊन पासवर्ड टाकते तर चूक. पुन्हा चूक. पाच वेळा. मला घाम फुटला. कळफलक मराठीवरच होता आणि मी बिंदूंच्या आड पासवर्ड देवनागरीत टाकत होते. कोपऱ्यात छोट्या अक्षरात भाषा लिहिलेली असते, ती टिचकीनं बदलली. घरी कुणाला सांगितलं नाही, इथे सांगतेय.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, अक्षरं.

कळफलकाची मला भीती होती. मी गोदरेजच्या टंकलेखन यंत्रावर शिकले, मराठी ३० ची परीक्षा दिली, आणि पुढे रेमिंग्टनच्या वळणावरच हात बसला. मिंटमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक आहे, आणि आयबस हा कळफलक बदलायचा प्रोग्रॅम घातला तर यादीत रेमिंग्टनही निघतं. रेमिंग्टन पाहिलं, पण दोन-तीन कळा माझ्या हातातल्या जागेवर नव्हत्या. जवळजवळ ओळखीचा कळफलक हा पूर्ण अनोळखीपेक्षा वाईट, बोट विश्वासानं चुकीच्या जागी जातं. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, कामासाठी दोन वर्षं इनस्क्रिप्ट शिकतच होते, तेच पक्कं केलं. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक ज्या कळफलकाला कळत नाही, तो माझ्या उपयोगाचा नाही. आचाऱ्यांना दक्षिणा द्यायची आणि आचार्यांना वाढायला सांगायचं, असा अनर्थ एका रफारानं होतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, की आडवा र नीट बसतो. पहिल्या दिवशी हे जमलं तेव्हा मी 'सुऱ्या, विळ्या, कातऱ्या, दोऱ्या' अशी अर्धं पान टंकली. ह्यांनी वाचून विचारलं, "भांड्याचं दुकान काढतेयस का?"

मग लिब्रेऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गुरुजींचं आत्मचरित्र उघडलं आणि माझा चेहरा पडला. सगळं बरोबर होतं, एक काना मात्रा हललेला नव्हता, आणि तरी ते पान मराठी दिसत नव्हतं. कुणी आपल्या घरातल्या खुर्च्या रात्रीत बदलाव्या तसं. मिनिटभर बघितल्यावर सापडलं. ल. दंडाचा ल होता, हिंदी पुस्तकात असतो तो. आणि श सुद्धा हिंदी वळणाचा. आपल्याकडे पाकळीचा ल. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीचं प्रमाण मानलेलं आहे. ग्राहकाला हे शब्दांत सांगता येत नाही, तो एवढंच म्हणतो, "ताई, काहीतरी वेगळं दिसतंय हो."

मला वाटलं फॉन्ट चुकलाय. दुसरा घातला, तिसरा घातला. घरच्या फोल्डरमधल्या फॉन्टच्या कप्प्यात फाइल टाकायची आणि एफसी-कॅश ही आज्ञा द्यायची, एवढंच असतं. या निमित्तानं आयआयटी मुंबईचा शोभिका हा फॉन्ट हाती लागला, संस्कृत अवतरणांसाठी आता तोच वापरते. पण मजकुरातला ल काही हलेना. वहीत तीन नोंदी झाल्या, तिन्हींचा परिणाम शून्य. म्हणजे बदलत होते ती गोष्टच चुकीची होती.

गंमत अशी निघाली की युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांना एकच क्रमांक आहे. दोन्ही वळणं फॉन्टच्या पोटात असू शकतात, आणि कोणतं काढायचं हे मजकुराची भाषा कोणती नोंदली आहे त्यावर ठरतं. लिब्रेऑफिसनं देवनागरी दिसली की हिंदी धरून घेतलं होतं. टूल्समधून ऑप्शन्स, तिथे भाषांचं पान, 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या नावाखाली हिंदीच्या जागी मराठी. तरी गुरुजींचं पुस्तक बदललं नाही, कारण आधी टंकलेल्या मजकुरावर हिंदीचा शिक्का बसलेला होता. सगळा मजकूर निवडला, अक्षरांच्या चौकटीत जाऊन भाषा मराठी केली आणि ओके म्हटलं.

दोनशे बारा पानांतले सगळे ल एका क्षणात वळले. पाकळ्या उमलल्या. मी पान खाली-वर सरकवून पुन्हा पुन्हा बघत होते. पेजमेकरमध्ये बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, तिथे जो फॉन्ट तेच अक्षर, ते मराठीत आहे की हिंदीत हे यंत्राच्या गावीही नव्हतं. इथे यंत्र विचारत होतं, तुमची भाषा कोणती, आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

आता ते कॅडीचं. नोव्हेंबर संपता संपता माझं रोजचं काम लिनक्सवर आलं होतं. जुनी डिस्क फार तर आठवड्यातून एकदा लागायची. ती आतून कुरकुरते, गरम होते. म्हटलं काढून कपाटात ठेवू, लागेल तेव्हा लावू. मागचं झाकण उघडलं, डिस्क काढली, लॅपटॉप चालू केला. काळा पडदा: 'नो बूटेबल डिव्हाइस'.

डिस्क परत लावली, चालू. काढली, बंद. तीनदा करून बघितलं. जिच्यावर लिनक्स आहे ती एसएसडी तर आत आहे, मग काढलेल्या डिस्कवाचून हा उठत का नाही?

पूर्वीची मी असते तर लॅपटॉप पिशवीत घालून साताऱ्याला गेले असते. आता वही होती. डिस्क लावून चालू केला आणि एलएसबीएलके ही आज्ञा दिली. ती डिस्कांचा वंशवृक्ष काढून दाखवते. जुनी डिस्क एसडीए, मुख्य जागेतली, म्हणून पहिली. कॅडीतली एसएसडी एसडीबी. एसडीबीच्या दुसऱ्या भागापुढे नुसती तिरकी रेघ, म्हणजे लिनक्सचं मूळ घर. आणि एसडीएच्या पहिल्या, जेमतेम १०० एमबीच्या भागापुढे लिहिलेलं: 'बूट ईएफआय'. म्हणजे यंत्र चालू झाल्यावर सगळ्यात आधी जे पान उघडतं, ते जुन्या डिस्कवर. इन्स्टॉल होताना बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, पहिल्या डिस्कवरच्या विंडोजच्या कप्प्यातच जाऊन बसला होता. एसएसडीवरही तसा एक कप्पा तयार होता, पण रिकामा. अनुक्रमणिका एका पुस्तकात आणि मजकूर दुसऱ्या पुस्तकात. मी पहिलं पुस्तक कपाटात ठेवलं होतं.

दुरुस्ती करताना एक गोष्ट मीच सुचवली आणि भाचा खूश झाला. जुनी डिस्क काढूनच ठेवायची, म्हणजे यंत्राला चुकीची जागा निवडायची सोयच उरत नाही. पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं, एसएसडीवरचं घर उघडलं, तिचा छोटा कप्पा जोडला आणि ग्रब, म्हणजे तोच बूटलोडर, पुन्हा बसवला. भाचा फोनवर एकेक आज्ञा सांगत होता, मी वाचून दाखवत होते, त्यानं 'हो' म्हटल्यावर एंटर.

रीस्टार्ट. ग्रबचा पडदा आला! आणि पुढे थांबला. एक लाल तारा इकडून तिकडे फिरतोय, बाजूला सेकंद मोजतायत, दीड मिनिटाची मुदत. कुठल्यातरी डिस्कची वाट बघतोय. दीड मिनिट संपलं, इमर्जन्सी मोड. ज्या डिस्कची वाट बघत होता, तिचा क्रमांक पडद्यावर होताच, तो कपाटातल्या डिस्कचा. एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये 'चालू होताना काय काय जोडायचं' याची यादी असते, तिथे जुन्या कप्प्याचा क्रमांक तसाच राहिला होता. पुन्हा पेनड्राइव्ह, नव्या कप्प्याचा क्रमांक बीएलकेआयडी या आज्ञेनं काढला. आठच अक्षरं, मध्ये एक छोटी रेघ. वहीत उतरवला, वहीतून फाइलमध्ये.

पुन्हा लाल तारा. पुन्हा दीड मिनिट.

या वेळी भाच्यालाही सुचेना. "आत्या, क्रमांक परत वाच." मी वहीतून वाचला. "वहीतून नको, पडद्यावरचा वाच." पडद्यावर होता ८. माझ्या वहीत इंग्रजी बी. बावीस वर्षं लोकांच्या चुका काढणारी मी आठ अक्षरं उतरवताना एक चुकले होते, आणि नंतर माझ्याच प्रतीवरून प्रत तपासत होते. मूळ प्रत समोर ठेवल्याशिवाय प्रूफ वाचायचं नाही, हे मी हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगते. भाचा हसला नाही. त्याच्या बाबतीत मला हे फार आवडतं.

बी काढला, आठ घातला. उठला लॅपटॉप.

राहिला प्रिंटर. माझा लेझर प्रिंटर २०१० चा, तालुक्यातल्या निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडे त्याचंच भावंड असेल. त्याला स्वतःचं डोकं नाही, पानाचं सगळं गणित संगणकानं करून द्यायचं, आणि ते गणित कसं करायचं हे कंपनीच्या ड्रायव्हरलाच ठाऊक. नवे प्रिंटर म्हणे ड्रायव्हरशिवाय नुसते जोडले की चालतात. माझ्यासाठी ३२ बिटांच्या जुन्या लायब्रऱ्या शोधून घालाव्या लागल्या. पहिले तीन दिवस 'कप्स' ही छपाईची यंत्रणा दर वेळी 'पूर्ण झालं' म्हणायची आणि कागद हलायचा नाही. आधी प्रिंटर चालू करायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग त्याची सेवा पुन्हा सुरू करायची, हा क्रम सातव्या नोंदीत सापडला. क्रम उलटा झाला तर तो रुसतो.

कालची नोंद, वहीत एकतिसावी. काय झालं: पहिलं पान कोरं येतं, दुसऱ्यापासून बरोबर छापतो. संदेश: काही नाही. बदललेली एकच गोष्ट: यूएसबीची वायर. परिणाम: तोच.

सध्या ट्रेमध्ये सगळ्यात वर एक पाठकोरा कागद ठेवते.